दिघोरीपुढं न जाणारी गाडी

बंद पडायला नागपुरात जागा काय कमी आहेत? पण ही बया बंद पडली ती थेट वंदनाच्या गॅरेजच्या दारात! सकाळ कधीच उलटली होती, तरी सक्करदऱ्याच्या तलावावरचं धुकं हटायला तयार नव्हतं. त्या धुक्यातून एक लांबलचक, काळीभोर, जुनी परदेशी गाडी जराही आवाज न करता घरंगळत आली आणि उंबऱ्याशी थांबली.

आतून एक उंच मुलगा उतरला.

"मिस्त्री कुठं आहेत जी?"

"मीच आहो."

"तुमी?"

"काहून? गाडीले चालते. तुमाले नाही चालत का, भाऊ?"

"चालते... पन भाऊ नका म्हनू." तो हसला, आणि वंदनाच्या हातातला पान्हा उगाच निसटला. वडिलांचे गुडघे गेल्यापासून गॅरेज तीच सांभाळत होती. गिऱ्हाइकं रोज यायची, पण पान्हा आजवर कुणासाठी निसटला नव्हता.

मुलाचं नाव दुर्गेश. नोकरी मौद्याच्या पॉवर प्लांटात. वंदनानं बॉनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण काढलं, तर आत वाळक्या गुलाबाच्या पाकळ्या आणि पिवळ्या अक्षता!

"अगं माय! हे इंजिन आहे का मांडव?"

"रजतदादाची गाडी आहे. लग्नात भाड्यानं द्यायचा. नवरदेव, नवऱ्या... किती नेल्या असतील."

"आता नाही देत?"

"आता दादा नाही," दुर्गेश म्हणाला. "पावसाळ्यात डेंग्यू झाला."

वंदनानं प्लग घासले, त्यांची गॅप बसवली, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतली काजळी पुसली, नवे पॉइंट टाकले. दुर्गेश दिवा धरून उभा होता. एकदा बोटाला बोट लागलं... दोघांनीही एकदमच "सॉरी" म्हटलं. इंजिन सुरू झालं ते असं गोड, की दोघं नुसतेच ऐकत राहिले.

आठवडाही झाला नाही, तर स्वारी परत हजर.

"दिघोरी नाक्यापुढं जातच नाही. सीताबर्डीले नेली, जरीपटक्याले नेली, मस्त चालली. उमरेड रोडले लागली का बंद!"

वंदनानं पुन्हा सगळं तपासलं. खोट कुठंच नव्हती. गाडी गेली, आणि पुन्हा आली. आता दुर्गेश येताना संत्री आणायचा, उलट्या क्रेटवर बसून तिला सोलून द्यायचा.

"खरं सांगा," एकदा तिनं फोड तोंडात टाकत विचारलं, "गाडी बिघडते, का तुमी बिघडवता?"

"खरंच बिघडते. पन... मले वाईट नाही वाटत."

वंदना लाजून चूर झाली. पण एक गोष्ट तिनं त्याला सांगितली नव्हती. गाडी रात्रभर गॅरेजात राहिली, की सकाळी पुढच्या डाव्या काचेवर आतून वाफ धरलेली असायची... कुणी काचेला नाक लावून बाहेर बघत बसावं, तशी. गाडीजवळून जाताना ती आपोआप ओढणी सावरायची.

मग एक दिवस तिनं सहज विचारलं, "उमरेड रोडले एवढं काय आहे जी?"

दुर्गेशनं संत्रं खाली ठेवलं. "सोनिका. दादाचं लगन ठरलं होतं तिच्याशी. दादा गेला, पन घरच्यांनी दिलेला शब्द तर राहिला न. माघात माझं लगन आहे... तिच्यासंग. याच गाडीत वरात जानार."

म्हणजे इतके दिवस ती याच्या वरातीचीच गाडी दुरुस्त करून राहिली होती! इंजिनातल्या ठिणगीचं टायमिंग चांगलंच मागं ठेवलं, की ही गाडी उमरेडच काय, चौकाच्या पुढं गेली नसती. कुणाला कळलंही नसतं. मन म्हणालं, ठेव. पण बापानं शिकवलेल्या हाताला खोटं काम करवेना.

"बसा स्टेअरिंगवर," ती म्हणाली. आवाज कापला, तो तिनं खोकल्यात लपवला. "आज टायमिंग पाहते मी. तुमची वरात माह्या हातानं अडनार नाही."

तिनं शटर अर्धं ओढून अंधार केला आणि टायमिंगचा दिवा जोडला. हा दिवा मोठा मायावी. इंजिनातल्या ठिणगीबरोबर तो लखलखतो, आणि गरगर फिरणारी पुली डोळ्यांना जागच्या जागी उभी दिसते. फिरणारं थांबलेलं दिसतं, म्हणून नवीन माणूस हमखास हात घालून बसतो. वंदनानं खूण जुळवली आणि रेस वाढवा म्हणून सांगायला दिवा हातात घेऊनच गाडीच्या दाराशी आली.

उजेड काचेवर पडला. दुर्गेश दिसला... आणि त्याच्या बाजूला आणखी एक जण.

लख्ख... अंधार. लख्ख... अंधार. डोक्याला केशरी फेटा. तोंड दुर्गेशसारखंच, थोडं भरलेलं. त्यानं हात लांब केला, किल्लीवर ठेवला आणि सावकाश फिरवली.

इंजिन बंद. ठिणगी बंद. दिवाही बंद.

"मी नाही बंद केली!" अंधारातून दुर्गेश ओरडला.

"माहीत आहे." वंदनानं विझलेला दिवा खाली ठेवला. "तुमच्या बाजूले... केशरी फेटा होता."

"लगन ठरलेलं पोरगं म्हनून आईनं फेटा बांधूनच शेवटच्या वाटे लावलं त्याले," दुर्गेश म्हणाला. "रागावला का जी तो माह्यावर?"

"नाही जी. लेकरू चुलीजवळ गेलं, का माय मागं ओढते न... तसा हात होता. तुमाले सोनिका पाहिजे का?"

"नाही."

"अन् तिले तुमी?"

"तिले कोनी विचारलंच नाही."

"मंग विचारा न!"

दुर्गेशनं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सरळ विचारलं. सोनिकाचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "तुमच्या चेहऱ्यात मी त्यालेच शोधत होती. जन्मभर तेच केलं असतं. नाही म्हनायची हिंमत नव्हती माही... तुमी म्हनता का?"

"म्हनतो."

"सुटली मी." ती रडत होती का हसत होती, कळेना. "आता गाडी घेऊन या. एकडाव भेटू द्या मले त्याले. बसला असन न तो बाजूले?"

दुर्गेशनं फेटेवाल्याचा शब्दही काढला नव्हता.

"चलतेस का संग?" त्यानं विचारलं. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, त्यालाही कळलं नाही. "नुसतं आजच्यापुरतं नाही म्हनत मी. मले तू पाहिजे, वंदना."

"मलेही तूच," ती म्हणाली. इतक्या दिवसांचं ओझं एका वाक्यात उतरलं.

तिनं पुढचं डावं दार उघडलं. सीटवर हात ठेवला आणि दचकली. एवढ्या थंडीत सीट कोमट होती.

"बसू का जी?" तिनं विचारलं. दुर्गेशला नव्हे.

मग मागच्या सीटच्या स्प्रिंगा हलकेच कुरकुरल्या.

"सरकला," दुर्गेश हळूच म्हणाला.

वंदनानं डोळे पुसले आणि ती बसली.