उपरण्याखालचा सौदा

लेकराला मुकं म्हणून मोकळं व्हायला गावाला एक दिवस पुरतो. ते बहिरं आहे हे कळायला मात्र वर्षं जातात. वर्षाराणीचं डोकं यावरच तापायचं. मुरूमला जनावरांच्या बाजारामागं तिची खोली होती. पोरांचे कान तपासायचे, मशीन बसवायचं, मग एकेक आवाज ऐकायला अन् बोलायला शिकवायचं, हे तिचं काम.

करिश्मा पाच वर्षांची. तिची आजी सिताबाई तिला कडेवर घेऊन यायची. मशीन कानात गेलं की पोर ते उपटून भिरकावायची. तोंडातून शब्द नाही.

"असंच चाललं तर ही जन्मात बोलायची नाही, आजी," वर्षाराणी एकदा फटकन म्हणाली.

"बोलत व्हती की. आज्यासंगं."

आजा सिदू बैलांचा दलाल. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात त्याची हयात गेली. नातीशीही तो तसाच बोलायचा. भाकरी किती, बाजारला येती का, सगळं बोटांनी. उन्हाळ्यात तो गेला अन् पोर गपगार झाली.

वर्षाराणीनं ते उपरणं मागवून घेतलं, टेबलावर अंथरलं. खाली एक हात तिचा, एक पोरीचा. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढं पुठ्ठा धरून ती "बा" म्हणायची. ऐकू आलं की पोरीनं बोट दाबायचं. मशीन कानात टिकलं! सिताबाईनं दोघींची दृष्ट काढली.

पुढं बारीक आवाज सुरू झाले. "स" म्हटल्यावर बोट दाबलं गेलं, पण तळवा खरबरीत लागला. शेतातली पोर आहे, वर्षाराणीनं मनाशी म्हटलं. नंतरच्या खेपेला तंबाखूचा वास आला.

"म्या मिसरी लावते," सिताबाई म्हणाली अन् नजर चुकवली.

त्या दिवशी "आ" चाललं होतं. करिश्माचे ओठ हलत होते, आवाज गळ्याशी येऊन अडत होता. उपरण्याखाली वर्षाराणीचं एक बोट घट्ट धरलं गेलं.

"शाब्बास गं बाळा!" तिनंही प्रेमानं उलट दाबलं.

मग तिला दिसलं. पोरीचा एक हात कानातल्या मशीनवर होता. दुसऱ्या हातात लाह्या.

सिताबाई उठली. "मॅडम, उलट दाबलं का तुमी?"

"हो."

"म्हंजी सौदा झाला. किती बोटं धरलीती?"

"एक."

"एक मानूस मागितलंय त्येनं. काय पायजे ते इचारायचं तरी! लई शिकलेल्या तुमी."

"आजा!" करिश्मा म्हणाली. स्वच्छ. पहिला शब्द.

वर्षाराणीनं मोकळ्या हातानं पोरीला कवटाळलं. दुसरा हात सुटत नव्हता.

"हिला नाही द्यायची मी! सांगा त्यांना!"

"येड्या का काय तुमी? पोर कशाला दीन म्या?" सिताबाईनं पदर खोचला. "सरका."

तिनं हात उपरण्याखाली घातला. कापड बराच वेळ हलत राहिलं. मधेच म्हातारी लाजून हसली.

"मेल्याची घासाघीस अजून जाईना."

वर्षाराणीचा हात मोकळा झाला.

"मिटलं," सिताबाई म्हणाली. मग निवांत सांगत बसली. पोरीला दूध कोमट लागतं. वेणी घालताना ओढायचं न्हाय. कुनी मुकी म्हनलं तर त्याच्या थोबाडीत द्यायची.

पुढच्या बाजारी पोरीचा बाप, धनाजी, तिला घेऊन आला. त्याच्या डोक्याचा गोटा केलेला होता.

करिश्मानं मशीन स्वतःच नीट केलं. टेबलावर उपरणं अंथरलं.

या खेपेला तिनं दोन्ही हात खाली घातले.