ओट्यावरचं फुलपात्र

अविधवा नवमीला सवाष्ण मिळेना, एवढीच माझी अडचण होती. भुतंखेतं माझ्या ध्यानीमनीही नव्हती.

देवासला आमच्या ओळखीची मराठी घरं काही कमी नाहीत. पण पितृपक्षात, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं जेवायला या म्हटलं की प्रत्येकीचं काहीतरी निघत होतं. एकीचे गुडघे, एकीची नणंद. शेजारची मोना तर फाटकातूनच म्हणाली, "आंटी, बुरा मत मानना, पण तुमच्याकडे ते रेडिएशनवालं झालं होतं ना? माझी छोटी आहे घरात."

राग आला, पण काढणार कोणावर? गल्लीत ते आम्हीच पेरलं होतं.

माझी धाकटी जाऊ प्रियांका. अंबरीशभाऊजी, म्हणजे माझे दीर, लांब नदीकाठी एका अणुवीज केंद्रात नोकरीला होते. सहा वर्षांपूर्वी तिथं अपघात झाला आणि सगळी वसाहत रिकामी केली. भाऊजी साफसफाईच्या कामावर तिथंच राहिले, अजून आहेत. प्रियांका नेसत्या साडीनिशी आमच्याकडे आली. आधी सरकारी छावणीत तिची तपासणी झाली होती. छावणीतून निघताना तिला मोजायचं एक मशीनही दिलं होतं, किरणं असली की कट-कट वाजणारं. तिच्या अंगाजवळ धरलं, गप्प. केसांजवळ धरलं, गप्प. माझे यजमान उमाशंकर म्हणाले, "चला, सगळं क्लीन आहे!"

आणि तरीही मी तिचं फुलपात्र वेगळं काढलं.

आमच्या घरातलं सोवळंओवळं केव्हाच संपलं होतं. माझ्या माहेरी, धारला, त्याचा फार दरारा. लग्न होऊन इथे आले तेव्हा सुटले म्हणाले होते. पण भीती वाटली तेव्हा हात त्याच जुन्या वळणावर गेला. प्रियांकानं बाहेरून मागच्या दारानं यायचं, आधी डोक्यावरून अंघोळ करायची. तिचं ताट तिनंच घासायचं. फुलपात्र मागच्या ओट्यावर पालथं ठेवायचं, पाणी मी वरून ओतणार. मी शाळेत विज्ञान शिकवते हो! तपासून निघालेल्या माणसापासून काही लागत नाही, हे मी आठवीच्या पोरांना फळ्यावर लिहून देते. घरी आले की तोच हात मागे घ्यायची. संक्रांतीला तिची ओटी भरली तीसुद्धा वरून सोडून. ती बिचारी कधी चकार शब्द बोलली नाही.

झोपायला तिला मागची खोली दिली होती, पाण्याच्या हौदाला लागून. गेल्या कार्तिकात ती डेंग्यूनं गेली. पाच वर्षं आम्ही किरणांना भीत बसलो आणि तिला नेलं आमच्याच हौदातल्या डासांनी. हे मी घरात अजून बोलून दाखवलेलं नाही. लाज वाटते.

म्हणून तिची नवमी तरी नीट व्हावी, तिच्या नावानं एक बाई पोटभर जेवावी, असं मनात घेतलं होतं. शेवटी धारच्या चिंतामणी गुरुजींनी फोनवर सांगितलं, "वहिनी, चिंता सोडा. बागलीच्या कमलताईंना पाठवतो. जेवणाच्या वेळेला पोचतील."

नवमीची दुपार. उमाशंकर गाईला पान द्यायला गेले होते. लाइट गेलेली, पंखा थांबलेला. आभाळ भरून आल्यानं स्वयंपाकघरात भर दुपारी अंधारून आलं होतं. तळलेल्या वड्यांचा वास घरभर होता. कुठं खुट्ट नाही.

मागच्या दाराची कडी वाजली. हळूच, एकदा.

"कमलताई? अहो, पुढून यायचं ना!"

"इथून बरं आहे..."

बाई आत आली. डोक्यावर पदर, पाठीशी परसातला उजेड, त्यामुळे चेहरा नीट दिसेना. केस ओले होते. पदरातून पाणी ठिपकत होतं. बाहेर पाऊस सुरू झाला नव्हता. नळावर हातपाय धुतले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

देवघरासमोर मी पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. ती तिकडे गेलीच नाही. मागच्या उंबऱ्यापाशी फरशीवर बसली.

"आत बसा ना."

"नको... इथलीच सवय आहे."

खाली मान घालून ती जेवली. खीर मागून घेतली नाही, वाढली तेवढी खाल्ली. फुलपात्र उंच धरून, ओठ न लावता पाणी प्यायली. जुन्या बाया पितात तसं, मला काही वाटलं नाही. मग मी तांब्या घेऊन पुढे झाले, तेव्हा तिनं फुलपात्र खाली ठेवलं, बोटानं माझ्याकडे सरकवलं आणि हात मागे घेतला. मी ओतून दोन पावलं मागे सरेपर्यंत तिनं त्याला हात लावला नाही.

हे कुणी शिकवल्याशिवाय येत नाही. मी शिकवलं होतं, एकाच बाईला.

तांब्या खाली ठेवला. ओटीचं तबक घेतलं: तांदूळ, नारळ, खण. सवाष्णीला आधी कुंकू लावायचं. बोट कुंकवात बुडवून मी वाकले, आणि वास आला. कडुलिंबाचा साबण आणि ओले केस. तो साबण मी फक्त तिच्यासाठी आणायची.

"प्रियांका...?"

तिनं मान वर केली नाही. दोन्ही हातांनी पदर पसरला.

एक बोट पुढे करायचं आणि कपाळाला टेकवायचं, बस. मला ते करायचं होतं, देवाशपथ सांगते. हात गेला, आणि कपाळापासून वीतभर अंतरावर थांबला. मेलेल्या बाईच्या भीतीनं थांबला असता तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण मनात आलं ते असं, की हिच्या अंगावर अजून काही असलं तर?

ती वाट बघत राहिली. मग अगदी हळू, जणू मलाच सांभाळून घेत म्हणाली,

"राहू द्या, जाऊबाई... वरूनच टाका."

मी वरूनच टाकलं. अर्धे तांदूळ पदरात पडले, अर्धे फरशीवर सांडले.

तिनं ताट उचललं आणि परसात गेली. नळ वाजला. ताट घासल्याचा आवाज आला. मी दारापर्यंत गेले तोवर ताट भिंतीला टेकून निथळत होतं आणि फुलपात्र ओट्यावर पालथं होतं. परसात कोणी नव्हतं.

कमलताई आल्या त्या चहाच्या वेळेला, पुढच्या फाटकातून, घामाघूम. "काय सांगू बाई, वाटेत चापड्याला बस बिगडून गेली, अन् दुसरी मिळेचना!" त्यांना जेवू घातलं. कुंकू लावताना हात जरासुद्धा अडला नाही. कपाळ घामानं चिकट होतं.

त्याला आता पंधरवडा झाला. रोज सकाळी माझं फुलपात्र मागच्या ओट्यावर पालथं सापडतं. झोपण्याआधी मी स्वतः ते मांडणीवर ठेवते. उमाशंकरांना विचारलं, तर म्हणाले, "मी कशाला नेऊन ठेवू? तूच ठेवत असशील, अन् भूल रही हो."

काल ते मशीन शोधून काढलं. नवे सेल घातले. फुलपात्राजवळ धरलं, गप्प. माझ्या हातांजवळ धरलं, गप्प.

"बघ, क्लीन आहे," उमाशंकर हसून म्हणाले. मलाही बरं वाटलं. घसा कोरडा पडला होता, म्हणून मी पाणी मागितलं आणि फुलपात्र पुढे केलं. त्यांनी तांब्या उचलला, वीतभर उंच धरला आणि वरून ओतलं. मग दोन पावलं मागे सरले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.