यादीतलं दुसरं नाव

रवींद्र सौंसरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. घरचं नेट दुरुस्त करायला मेकॅनिक बोलावणं म्हणजे त्याला नाक कापून घेणं वाटे. केबल समोरच्या खोलीत, त्याच्या कॉम्प्युटरला. तिथून वायरलेसनं वर, मुलीला. आज अकराला सायलीची ऑनलाइन मुलाखत होती, दोन वर्षांतली पहिली, आणि नेट जिना चढायलाच तयार नव्हतं.

"बाबा, चेहराच अडकून राहिला माझा," ती वरून म्हणाली.

त्यानं सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं, पासवर्ड बदलला. मग जोडलेल्यांची यादी उघडली. असायला हवं होतं एकच नाव, सायलीचं. त्याखाली दुसरं होतं: कवडू.

कवडू त्याचे वडील. आधीची तीन भावंडं दगावली, म्हणून आजीनं त्यांना जन्मताच शेजारणीच्या पदरात टाकलं आणि कवडी देऊन परत घेतलं. मरणानं पोर परक्याचं समजून सोडून द्यावं, म्हणून. तसं ब्याऐंशी वर्षं सोडलं. गेली पाच वर्षं ते लकव्यानं मधल्या खोलीत पडून होते. मोबाइललाही त्यांनी कधी हात लावला नव्हता.

सायलीचाच चावटपणा, असं म्हणत त्यानं ते नाव काढलं.

वर नेट धो धो चालू लागलं. मधल्या खोलीतून, सासऱ्यांच्या उशाशी बसलेली त्याची बायको उर्मिला म्हणाली, "अहो, मामाजी श्वास घेऊन नाही राहिले."

त्यानं नाव परत जोडलं. श्वास आला. नेट गेलं.

मास्तरच तो. खात्रीसाठी पुन्हा काढलं, पुन्हा जोडलं. तेच झालं.

अकराला दोन मिनिटं होती. सायली केव्हाची जिन्यात उभी होती, ओढणी चुरगाळत. तिनं सगळं पाहिलं होतं.

"जा वर," तो म्हणाला. "अर्ध्या तासाचं तर काम आहे."

त्यानं नाव काढलं. उर्मिलेला चहा टाकायला पाठवलं आणि मधलं दार लोटून घेतलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

अर्ध्या तासानं परत जोडायला गेला, तर काढलेल्यांच्या यादीतही ते नाव नव्हतं.

तेरवी झाली. सायलीला नोकरी लागली, घरूनच करायची. केबल आता वर, तिच्या कॉम्प्युटरला नेली.

सोमवारी सकाळी रवींद्र मधल्या खोलीत पेपर वाचत होता. वर तिची पहिली मिटिंग चालू होती. मध्येच तिचा आवाज थांबला. खुर्ची सरकली.

"बाबा, तुमचं नाव दिसून राहिलं इथं."

पेपर हातातून गळला. त्याला उठताच येईना.

"अर्ध्या तासाचं तर काम आहे, बाबा," ती मायेनं म्हणाली.

आणि वरचं दार हळूच लोटलं गेलं.