न्हाणीच्या भिंतीतली फट

मोबाइल खाली ठेवा अन् ऐका. ज्याची ही गोष्ट आहे तो जीवन राठोड महागावकडच्या एका तांड्यातला. नळ-फिटिंग अन् गवंडीकाम दोन्ही करतो. खोटं त्याच्या तोंडात नाही, म्हणून सांगतो.

गेल्या साली, पोळ्याच्या आधीच्या गुरुवारी, तो महागावला सिमेंट आणायला गेला. तिसऱ्यांदा. दुकानदार म्हणाला, "अजून?" जीवननं पिशवी मोटरसायकलला अडकवली अन् तांड्यावर परतला.

त्याच्या न्हाणीच्या भिंतीतून पाण्याचे पाइप बाहेर जात. पाइप टाकताना भिंत फोडली, भोवती मूठ जाईल एवढी फट राहिली. दुनियेच्या भिंती बुजवल्या, घरची राहून गेली. उद्या करतो, उद्या करतो. त्या गुरुवारच्या महिनाभर आधी एका रात्री त्याच फटीतून मण्यार आत आली अन् खोलीत जमिनीवर झोपलेल्या त्याच्या लेकीला, सोनूला चावली. आठ वर्षांची पोर. यवतमाळ गाठेपर्यंतही राहिली नाही.

तेव्हापासून जीवननं ती फट दोनदा बुजवली. विटांचे तुकडे ठोकून, सिमेंटचा पक्का माल भरून. दोन्ही वेळा सकाळी माल न्हाणीत पडलेला. बाहेरून कोणी ढकलावा तसा.

त्यानं बायकोला, मानीबाईला विचारलं, "तू काढून राह्यली का?"

"मी कायले काढू? माहं दुसरं लेकरू इथंच झोपते ना."

दुसरं लेकरू म्हणजे प्रेमसिंग. दोन वर्षांचा.

त्या गुरुवारी संध्याकाळी जीवननं पुन्हा फट बुजवली अन् बॅटरी घेऊन न्हाणीतच बसला. रात्रीचे पावणेदोन झाले असतील. आधी खरवडल्याचा आवाज आला. हलका. नखांचा. ओल्या मालाचा एक पोपडा सुटला. मग दुसरा. जीवननं दोन्ही तळहात दाबून धरले. पलीकडून रेटा आला. मोठा नाही. लहान पोराचा असतो तेवढा.

"बा..."

जीवननं हात मागं घेतले.

"बा, काहून बंद करून राह्यला? मले आत येऊ दे न. थंडी वाजते..."

मानीबाई दारात उभी होती. तिनंही ऐकलं. धावत आली अन् दोन्ही हातांनी माल ओढायला लागली. "माही पोर हाये. येऊ दे तिले." जीवननं तिचे हात धरले. ती हिसडे देत राहिली. खोलीत प्रेमसिंग झोपेत कुरकुरला.

फट मोकळी ठेवावी तर मरणाची वाट उघडी. बुजवावी तर... जीवननं भिंतीला डोकं टेकलं.

"सोनू, चूक माही हाये बाई. मीच बुजवलं नाही. पण हे असंच राह्यलं तं प्रेमलेही चावंल. मी काय करू, तूच सांग."

पलीकडे काही नाही.

"सोनू?"

...

लई वेळानं आवाज आला.

"प्रेम झोपला?"

"झोपला."

मग पुन्हा कोणी रेटलं नाही. खरवडलं नाही. मानीबाई भिंतीला टेकून बसली.

जीवननं पडलेला माल गोळा करून भरला. पण माल पुरला नाही. आतली बाजू कशीबशी भरली, बाहेरची तशीच पोकळ राहिली. दोघं नवराबायको उजाडेपर्यंत तिथंच बसून होते.

सकाळी जीवन भिंतीच्या मागं गेला.

बाहेरची बाजू बुजवलेली होती. पाइपांभोवती गोल, नीट, मातीनं लिंपलेली. माती अजून ओली होती. अन् पांढरी.

त्या तांड्यात सगळीकडं काळी जमीन. पांढरी माती एकाच जागी निघते... नाल्याच्या पलीकडं, जिथं लेकरं पुरतात.