धाकटीचा तळहात

आमच्या फोटोच्या दुकानात मोठ्या प्रिंटरची शाई कधी मागवायची, हे मी ठरवायचे. प्रिंटरच्या पडद्यावरच्या रंगांच्या पट्ट्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. त्या छापलेले फोटो मोजून अंदाज बांधतात, आत डोकावत नाहीत. शिलकीतलं शेवटचं कार्ट्रिज बसवलं की त्याच दिवशी शाईवाल्याला फोन, हा माझा शिरस्ता. मशीन कधी अडलं नाही, आणि त्यामुळे दुकानात माझा शब्द चालायचा.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ आली. पहिल्याच आठवड्यात तिने प्रिंटरवर तळहात टेकवला आणि म्हणाली, "गुलाबी संपत आलीय."

पडद्यावर गुलाबीची पट्टी अर्धी होती. मी हसले. दुपारी फोटोंतले चेहरे हिरवट यायला लागले.

"पोरीच्या हाताला गुण आहे," सासरे म्हणाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. शाईची ऑर्डर तिच्याकडे गेली आणि मी कोपऱ्यात फोटो कापत बसले. माझा नवरासुद्धा तिलाच विचारायचा, "काळी पुरेल ना गं?" सरळ सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या त्या थंड, कोरड्या तळहाताचासुद्धा.

एकदा आम्ही दोघी शेजारच्या शिंपीकाकांकडे पडदे शिवायला टाकायला गेलो. निघताना तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मागवायला हवं."

"काय मागवायचं, पोरी?"

तिने हात काढून घेतला आणि दुकानाची पायरी उतरली.

पडदे आणायला मी एकटीच गेले, तर मशीनवर दुसराच माणूस. गळ्यात टेप, नाकावर चष्मा, सगळं तसंच, फक्त माणूस वेगळा. "काका कुठे गेले?" मी विचारलं.

"अहो थोरल्या सूनबाई, मीच की," तो म्हणाला आणि पडद्यांची घडी माझ्या हातात दिली.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "डोळे तपासून घे." धाकटी खाली मान घालून कांदा चिरत होती.

मत्सराने माझं डोकं फिरलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण तिची फजिती करायचीच, हे मनाने घेतलं होतं. संपलेल्या काळ्या कार्ट्रिजची, शाईचा हिशेब ठेवणारी चिप सोलून मी नव्या, भरलेल्या कार्ट्रिजवर चिकटवली आणि ते मशीनमध्ये बसवलं. प्रिंटरचा पडदा ओरडायला लागला, काळी संपली.

सासरे आणि नवरा समोर असताना मी तिला बोलावलं. "बघ गं, काळी मागवायची का?" माझा हात प्रिंटरच्या झाकणावरच होता.

तिने तळहात माझ्या हातावरच ठेवला.

"काळी भरलेली आहे," ती म्हणाली. सासरे कौतुकाने मान डोलवायला लागले. माझा चेहरा पडला.

पण तिचा तळहात उचलला जाईना.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मागवायला हवं."

ती फोन घेऊन दाराबाहेर गेली. पाठमोरी उभी राहून बोलली. ती परत आल्यावर मी तिचं मनगट धरलं. "कोणाला फोन केलास? शाईवाल्याला?"

"नाही, ताई."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

सकाळी भाजी घेऊन आले तर दुकान उघडलेलं. माझ्या स्टुलावर एक बाई फोटो कापत बसली होती. बांधा माझ्याएवढाच. सासरे तिला काहीतरी सांगत होते आणि ती हसत होती. माझ्यापेक्षा छान हसत होती.

तिच्या खांद्यावर कागदाची कातरण पडली होती. माझ्या नवऱ्याने ती हलकेच उचलली. माझ्या खांद्यावरची त्याने कधी उचलली नव्हती.

"अहो," मी हाक मारली.

त्याने वर पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"या, बसा ना. पासपोर्टचा फोटो काढायचाय का?"