आतून धरलेली लेन्स

बसा असे जवळ. आत मुलं झोपलीत, मला मोठ्यानं सांगता येणार नाही. आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर जावी असं मला वाटतही नाही.

चंद्रपूरजवळच्या मूल गावात बसस्टँडमागं माझा फोटो स्टुडिओ होता, तेव्हाची. दोन हजार आठ सालचा श्रावण. रोल धुवायचे दिवस संपत आले होते, म्हणून मी नागपूरहून एक वापरलेला डिजिटल कॅमेरा आणला होता. पावसाळी हवेत त्याच्या लेन्सला बुरशी धरली. दुसरी यायला वेळ होता. मग चंद्रपूरच्या एका भंगारवाल्याकडे मिळालेली जुनी लेन्स मी मधे जोडणारी कडी घालून त्यावर बसवली. अख्खी धातूची, काळी, हाताला जड. काच मात्र इतकी स्वच्छ, की बघताना वाटायचं, इथं काच नाहीच, नुसतं भोक आहे.

लेन्स बसताना ‘कट्’ असा आवाज होतो. ही बसली तेव्हा झाला नाही. मी ती जरा फिरवली आणि तिनं उरलेला फेरा आपणच घेतला, कोणी हातातून वस्तू घ्यावी तसा. नवी कडी असेल, असं म्हणून मी बॅग उचलली.

काम साधंच होतं. तळ्याकाठी ढिवरांचं एक गाव, तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या लोकांचे ओळखपत्रासाठी फोटो काढायचे. झड लागली होती. आठवडाभर ऊन नव्हतं, दुपारीसुद्धा दिवेलागणीसारखा उजेड. सोसायटीच्या खोलीत जाळी टांगलेली, ओल्या सुताचा आणि सुकवलेल्या झिंग्यांचा वास भरलेला. दाराशी उजेड जरा बरा, म्हणून तिथं स्टूल मांडलं.

केवळराम सोसायटीचं काम बघायचा. त्याची बायको चंदाबाई सगळ्यात पुढं. डोक्यावर टोपली, टोपलीत मासळी.

"पयले माहा काढा, भाऊ. मले बाजारात जायाचं हाय."

टोपली खाली ठेवून ती स्टुलावर बसली.

"डोळे मिटू नका, बाई."

"काऊन मिटन? मी का लाजून राह्यली?"

लोक हसले. मी बटण दाबलं. मागच्या स्क्रीनवर फोटो आला. छान होता. डोळे टक्क उघडे.

"झालं, बाई. उठा."

चंदाबाई उठली नाही. मी मान वर केली, तर ती स्टुलावर ताठ बसलेली, हात मांडीवर, आणि डोळे मिटलेले.

"चंदे," केवळराम म्हणाला. "ऊठ ना. मस्करी पुरे झाली."

त्यानं खांद्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "थंडी पडली हे..."

श्वास चालू होता. नाडी लागत होती. पाणी मारलं, तळवे चोळले, पापणी बोटानं वर केली तर बुबुळ जागच्या जागी. पण त्या डोळ्यात कोणी नव्हतं. घराचं दार उघडावं आणि आत सामान तेवढं असावं, तसं.

केवळरामची मोठी बहीण नीलाबाई माझ्या शेजारी उभी होती. तिचं लक्ष कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर गेलं आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"भाऊ... हे मघा इकडं पाहून राह्यली होती ना?"

फोटोतली चंदाबाई आता दाराकडे पाहत होती.

फोटो हलत नाही, हे मला काय सांगायचं. मी नजर काढली, पुन्हा बघितलं. आता तिचं तोंड किंचित उघडलेलं होतं. पुन्हा बघितलं, तर हात मांडीवरून उठलेला. बघत असताना काही हलायचं नाही. डोळा लवला की बदललेलं असायचं.

"फोडा हा डबा!" नीलाबाई ओरडली. कोणीतरी जाळ्याला वजन म्हणून बांधायचा दगड उचलला.

"थांबा!" मी कॅमेरा छातीशी धरला. "फोडला आणि ती आतच राहिली तर?"

मागून कोणी म्हणालं, फोटो मिटवून टाका. माझं बोट त्या बटणावर गेलंसुद्धा होतं. ते मी झटकन मागं घेतलं. मिटवला असता तर ती कुठं गेली असती?

मला एकच सुचलं. ज्या भोकातून ती आत गेली, ते उघडायचं. लेन्स काढायची.

खटका दाबून मी लेन्स फिरवली. हलेना. जोर लावला, तरी नाही. अशी अडकलेली लेन्स मी आधीही काढली होती. कडी घट्ट असली की खटका दाबूनही आतला खिळा पुरता खाली जात नाही, एवढंच असतं. केवळरामकडून ब्लेड मागून घेतलं, कडीच्या फटीतून हळूच सरकवलं, खिळा दाबला. तो खाली गेला, बोटाला स्पष्ट कळलं. म्हणजे आता लेन्सला अडवणारं काही उरलं नव्हतं.

तरी ती फिरेना. आणि मग ती फिरली, उलट्या बाजूला. माझ्या बोटांमधून सावकाश आणखी घट्ट बसली.

"आतून... कोणीतरी धरलंय," मी म्हणालो.

स्क्रीनच्या कोपऱ्यात बॅटरीची लाल खूण लुकलुकायला लागली. दुसरी बॅटरी स्टुडिओत होती.

केवळराम उठला. बाहेर सायकल उभी होती, तिची ट्यूब त्यानं काढून आणली, एक तुकडा कापला आणि लेन्सभोवती आवळून गुंडाळला, म्हणजे हात सरकणार नाही. मग कॅमेरा दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो जमिनीवर बसला. भरल्या जाळ्याचं वजन ओढणारे हात ते.

"मी सोडत नाई. तुमी फिरवा."

मी फिरवली. आतून कोणी उलट फिरवत होतं. केसभर माझ्याकडे, केसभर त्याच्याकडे. ट्यूबमधून गारवा येत होता, बोटं बधिर व्हायला लागली. लेन्सच्या काचेत मला माझा चेहरा दिसायला हवा होता. दिसत होती फक्त खोल, गोल काळोखी, आणि तिच्यात तळाशी काहीतरी हलत होतं.

"चंदे!" केवळराम एकदम ओरडला. "चंदे, आयकून राह्यली का? इकडून आमी जोर लावून राह्यलो. तिकडून तू लाव!"

मग नीलाबाई ओरडली. मग सगळेच. पंधरा-वीस माणसं त्या एवढ्याशा खोलीत तिच्या नावानं हाका मारत होती, जाळ्याला टांगलेले शिशाचे मणी त्या आवाजानं वाजत होते. आणि त्या गोंगाटात मला हातात जाणवलं, आतला जोर बदलला. एक धरणारा होता तसाच होता. पण दुसरं कोणीतरी आता माझ्या बाजूनं फिरवायला लागलं होतं.

"येतेय!" मी किंचाळलो. "ओरडा! थांबू नका!"

लेन्स बोटभर सरकली. अडली. पुन्हा सरकली. आत काहीतरी कळवळल्यासारखा आवाज झाला, मांजर चेंगरावं तसा, आणि खाडकन ती माझ्या हातात आली. मी मागं जाळ्यांवर आदळलो. कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडातून गार हवेचा झोत निघाला, शेवाळलेल्या विहिरीचा वास खोलीभर पसरला आणि दारातून निघून गेला.

स्क्रीन विझली.

"काऊन बोंबलून राह्यले सारे?" चंदाबाई म्हणाली. "बहिरी हाय का मी?"

काय सांगू तुम्हाला, तो आनंद! केवळराम सगळ्यांसमोर रडला. नीलाबाईनं भावजयीला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, आता तूच मारतं का मले. कोणी चहा ठेवला, कोणी चंदाबाईच्या टोपलीतलीच मासळी भाजायला घेतली. माझी बोटं निळी पडली होती. पोरीबाळी ती बघायला येत होत्या आणि मी, खोटं कशाला बोलू, ती मिरवत होतो. लेन्स केवळरामनं फडक्यात बांधून तळ्याच्या मधोमध नेऊन सोडली. येताना तो तळ्याच्या बांधावरून गाणं म्हणत आला.

आम्ही चहा घेऊन गोल बसलो. चंदाबाई मधूनमधून थुंकत होती.

"चावली मी त्याले," ती म्हणाली. "कडकडून चावली. सोडतच नव्हता. बोट तुटलंच असन त्याचं."

"कोण होता?"

"तोंड नाई दिसलं. हातच होते, लय लांब." ती पुन्हा थुंकली, मग हसली. "पण तिनं मस्त धरलं त्याले मांगून. म्हणून तं मले चावता आलं."

"तिनं... कोणी?"

चंदाबाईनं आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. "ते बाई. माहा पदर धरून माह्या मांगून निंगाली ते. तुमी पाह्यलं नाई? कुठी गेली?"

हातातले कप तसेच राहिले.

"लय दिवसाची होती बिचारी आतमंदी," चंदाबाई हळू आवाजात म्हणाली. "मले विचारे, बाहेर काय काय नवं हाय. मी म्हटलं, चल तं खरी, तूच पाय..."

त्या दिवसांत दुपारचं भारनियमन असायचं. तेवढ्यात ते संपलं आणि डोक्यावरचा बल्ब लागला.

कोणीतरी हसलं. बाईचं हसणं. नवलाचं, जत्रेत पहिल्यांदा पाळणा बघणाऱ्या पोरीसारखं. ते दारातून आलं नव्हतं, बाहेरूनही नाही. बल्बच्या अगदी खालून आलं होतं, आम्ही गोल बसलो होतो त्याच्या मधोमध. आणि तिथं कोणीच बसलेलं नव्हतं.