कापूसच्या कानामागची गाठ

पार्लरचं दार आधी कुत्र्याने ढकललं. मागून पट्टा आला, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, जवळजवळ घसरत, एक तरुण.

"मी आलो नाही," तो धापा टाकत म्हणाला, "मला आणलंय."

टेबल पुसणाऱ्या मुलीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. म्हणजे पाहिलं, पण कुत्र्यानंतर. मावशीच्या या प्राण्यांच्या पार्लरमध्ये चार वर्षं काम करून तिला तशी सवयच लागली होती. आधी केस, मग कान, मग डोळे, आणि एवढं करून वेळ उरलाच तर माणूस. कुत्रा पांढरा, लांब केसांचा, नाव कापूस. पण अवतार असा, की त्याला जटाधारी म्हटलं असतं तरी चाललं असतं. माणूस... बरा होता. उजव्या डोळ्याभोवती मात्र एक गोल वळ उमटला होता.

"हे काय लागलंय?"

"भिंग. मी घड्याळं दुरुस्त करतो. दोन दिवस दुकान बंद ठेवून, डोळ्याला भिंग लावून चिमट्याने याच्या गाठी सोडवत बसलोय."

"किती सुटल्या?"

"एक."

"ती आधीच सैल असणार."

"मलाही तसंच वाटतंय," तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला, की तिला ओठ चावून हसू आवरावं लागलं. "मग काल आंघोळ घातली. म्हटलं, मऊ पडतील."

तिने कपाळाला हात लावला. "न विंचरता आंघोळ? अहो, ओली झालेली गाठ वाळताना आवळत जाते! तुम्ही याच्या केसांचा घोंगडीसारखा नमदा केलाय, नमदा!"

घड्याळवाल्याने मान खाली घातली. कापूसनेही घातली, जणू कट दोघांनी मिळून केला होता.

"शनिवारी आई येतेय," तो हळूच म्हणाला. "ताईच्या बाळंतपणाला गेली होती, तीन महिने. जाताना एकच सांगून गेली, याला रोज विंचर. या केसांवर तिचा फार जीव आहे. तुम्ही काहीही करा, पण... भादरू नका. प्लीज."

आणि त्याने वर पाहिलं. तिने पुसून झालेलं टेबल पुन्हा एकदा पुसलं. मग कापूसला उचलून त्यावर ठेवलं आणि कामाला लागली.

ड्रॉवरमधून तिने ब्लेडचा कंगवा काढला. त्याचे दात म्हणजे छोटी वाकडी पाती. बाहेरून बोथट, आतून अशी धार की बघूनच बोटं आखडावीत.

"याच्या हनुवटीखाली हात धरा. आणि बोलत राहा."

"तुमच्याशी?"

"कापूसशी. माझ्या हातात धार आहे."

तिने पाठीवरच्या पहिल्या गाठीवर, केस सुटे व्हावेत म्हणून, कॉर्नफ्लोअर भुरभुरलं, बोटांनी ती जमेल तेवढी फोडली. मग गाठीचं मूळ डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरलं. कंगवा गाठीत सरकवला आणि धार कातडीपासून बाहेरच्या बाजूला ठेवून छोटे, अगदी छोटे झटके दिले. सर्र... सर्र...

"ओढत नाही तुम्ही," तो नवलाने म्हणाला.

"ओढलं की कातडी वर येते. ती आली की पात्याला काय कळतंय, केस कुठला नि कातडी कुठली? मूळ धरलं की ओढ माझ्या बोटांना बसते, त्याला नाही. आणि दर दोन झटक्यांनी थांबून आत बघायचं."

"तुम्ही घड्याळं छान दुरुस्त कराल."

"घड्याळ चावत नाही. मजा काय त्यात?"

तो खळखळून हसला. कापूसने शेपूट हलवली, ती नेमकी तिच्या नाकावर बसली, आणि तिच्या गालाला चिकटलेला पांढरा पुंजका काढायला त्याचा हात पुढे आला... अर्ध्यावर थांबला. "तिथे... केस आहे."

"असू दे," ती म्हणाली. कान मात्र तापले होते.

तासाभरात पाठ मोकळी झाली. शेपूट मोकळी झाली. मधल्या वेळात त्याने कापूसला तीन महिन्यांचा सगळा हिशेब सांगितला, आणि त्यातलं बरंचसं तिच्यासाठी होतं, हे कापूससकट सगळ्यांना कळलं.

मग ती कानामागे आली. तिने बोट घालून पाहिलं. बोट जाईना. गाठीच्या कडेने कंगव्याचं टोक सरकवून पाहिलं. तेही जाईना. तिने ब्लेडचा कंगवा टेबलावर ठेवला आणि केस उतरवायचं मशीन उचललं.

"हे कशाला?"

"कान आणि काखा. तिथे भादरावं लागेल."

"पण बाकीचं किती सुरेख निघालंय! दोनच मिनिटं अजून... माझ्यासाठी."

त्याने ते शेवटचं अगदी हलक्या आवाजात म्हटलं. तिला 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग मी करतो. माझा हात स्थिर आहे." त्याने कंगवा उचललासुद्धा.

"ठेवा तो खाली!"

आवाज जरा जास्तच चढला. त्याने कंगवा ठेवला. चेहरा बंद झाला, दुपारच्या दुकानासारखा. तिने मशीन चालू केलं. कानामागची गाठ उलगडत, एका तुकड्यात, टोपीसारखी निघून आली. खाली कातडी लालभडक, ओलसर होती, आणि तिची एक घडी थेट गाठीत वर ओढली गेली होती. नेमकी तिथे, जिथे पातं फिरलं असतं.

त्याने ते पाहिलं.

काखांतलेही केस उतरवल्यावर तिने कान डॉक्टरांना दाखवून घ्यायला सांगितलं. "बरं," तो म्हणाला. नुसतं 'बरं'. पट्टा लावला आणि गेला.

दात दाखवायला गेलेली मावशी परतली तेव्हा ती त्याच टेबलाशी उभी होती.

"काय गं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

"गाठ कातडीला चिकटली होती. मशीन मारलं."

"मग बरोबर केलंस की."

"बरोबरच केलं."

"मग?"

"मग काय? काही नाही."

शनिवार गेला. रविवारही. या दोन दिवसांत दार जेवढ्या वेळा उघडलं तेवढ्या वेळा तिने वर पाहिलं, आणि आधी माणसाकडे पाहिलं. धंद्याच्या दृष्टीने फारच वाईट खोड.

सोमवारी दुपारी तो आला. कुत्र्याशिवाय.

"आई काय म्हणाली?" तिने लगेच विचारलं. शांत राहायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

"केसांचं काहीच नाही. म्हणाली, येतील परत. मला मात्र असं झापलं! 'तीन महिने हे मुकं जनावर कान झटकतंय, ते तुला दिसलं नाही? सेकंदकाटा बरा दिसतो!'"

"मला आवडल्या तुमच्या आई."

"तिलाही तुम्ही आवडणार, असं दिसतंय." तो थांबला. खिशात हात घातले, काढले. "त्या दिवशी मी चिडलो होतो. दाराबाहेर पडेपर्यंत. मग रस्ताभर लाज वाटत राहिली. दोन दिवस इथून चार वेळा गेलो, आत यायचं धाडस होईना."

"पाच वेळा," आतल्या खोलीतून मावशीचा आवाज आला.

तो लाल झाला. तिने खोलीचा पडदा ओढून घेतला. त्याने कितपत फरक पडणार होता, देव जाणे.

"समोर कॉफी मिळते," तो म्हणाला. "येता का... माझ्याबरोबर?"

"मी तोंडावर नाही म्हणते. पाहिलंत ना तुम्ही?"

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय. तुम्ही हो म्हणालात, तर ते खरं असेल."

ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग सावकाश एप्रनची नाडी सोडली.

"हो," ती म्हणाली.